यादीत नसलेलं नाव

मी घाबरट आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कुणी 'अगं, मग तेव्हाच बोलायचं नाही का' असं म्हणायला नको. बोलायचं असतं हे मलाही कळतं. कळून काय उपयोग? ऐन वेळेला पोटात गोळा येतो, तळहात गार पडतात आणि जीभ टाळ्याला चिकटते. ज्यांना हे होत नाही ती माणसं 'कॉन्फिडन्स ठेव गं' म्हणून मोकळी होतात. कॉन्फिडन्स काय फडताळात असतो, की दार उघडलं आणि काढला?

आमचं गाव आष्ट्याजवळ. घरचा ऊस, दोन म्हशी, आणि आप्पा, म्हणजे माझे वडील, फौजेतून हवालदार म्हणून रिटायर होऊन शेतीला लागलेले. सांगलीला बीबीए केलं ते रोज एसटीनं जाऊन-येऊन. तीन वर्षांत वर्गात मी आपणहून एक प्रश्न विचारला नाही. मार्क मात्र छान पडायचे, कारण पेपर लिहिताना तोंड उघडावं लागत नाही. सगळ्यांना वाटलं पोरगी हुशार आहे, आणि या गैरसमजातूनच मला एमबीएला साताऱ्याला घातलं.

एमबीएत दर आठवड्याला प्रेझेंटेशन. पहिल्या प्रेझेंटेशनच्या दिवशी सकाळी मी ताप आलाय असं खोटं सांगितलं, आणि दुपारपर्यंत खरंच ताप भरला. रूममेट हसून हसून लोळली. मला हसू येत नव्हतं. मला वाटायचं, हे असंच चालू राहिलं तर डिग्री मिळेल, पण नोकरी कोण देईल? मुलाखतीला लेखी उत्तरं चालत नाहीत.

आणि तसंच झालं. कॉलेजात पुण्याच्या तीन कंपन्या आल्या. ग्रुप डिस्कशनला आठजण गोल बसवायचे आणि सगळे एकदम बोलायचे, दूध डेअरीवर नंबरावरून भांडावं तसे. मी त्या तिन्ही ग्रुप डिस्कशनमध्ये मिळून एकदाच तोंड उघडलं, तेही 'मला पण हेच म्हणायचंय' एवढं म्हणायला. तिन्ही वेळा बाहेर. आप्पांना फोन केला की ते विचारायचे, "काय झालं?" मी म्हणायचे, "न्हाई झालं आप्पा." मग म्हणायचे, "बरं. मला बी भरतीला तिसऱ्या टायमाला घेतलं हुतं. तू चवथ्याला जा." ते रागावले असते तर बरं वाटलं असतं.

चौथी कंपनी साताऱ्यातलीच होती. पोवई नाक्याच्या मागच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर, दहा-बारा माणसांचं ऑफिस. काम काय, तर साखर कारखान्यांना हंगामाच्या आधी सांगायचं की तुमच्या भागात यंदा ऊस किती आहे. उपग्रहाचे फोटो घ्यायचे, शेतकऱ्यांनी कारखान्याकडे केलेल्या उसाच्या नोंदी घ्यायच्या, दोन्ही जुळवायचं आणि अंदाज द्यायचा. त्या अंदाजावर कारखाना ठरवतो की तोडीसाठी टोळ्या किती आणायच्या आणि गाळप किती दिवस चालवायचं.

तिथले साहेब, आम्ही सगळे त्यांना सर म्हणतो, त्यांनी ग्रुप डिस्कशन वगैरे काही घेतलं नाही. लॅपटॉपवर एक हिरवा-तपकिरी फोटो दाखवला आणि म्हणाले, "यातला ऊस कुठला?" मी बोट ठेवलं. "आणि हा शेजारचा?" मी म्हणाले, "हा खोडवा आहे सर. तोडून गेल्यावर परत फुटलेला. लावणीच्या सरी अशा तुटक दिसत नाहीत." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं चुकले. तिथंच रडू येणार होतं. ते म्हणाले, "एक तारखेपासून ये. सहा महिने प्रोबेशन."

अशी मी अॅनालिस्ट झाले. गावात आईनं सगळ्यांना पेढे वाटले, पण पोरगी नेमकं काय करते हे तिला सांगता येईना. आप्पांनी मला विचारलं, "अॅनालिस्ट म्हंजे गं काय?" मी बरंच सांगितलं. ते म्हणाले, "म्हंजे वरनं बगून सांगायचं, खाली काय हाय ते. आमच्या तोफखान्यात असायचा असा एक." यापेक्षा चांगली व्याख्या मी पुस्तकात वाचलेली नाही.

नोकरी लागली म्हणून भीती गेली असं कुणाला वाटत असेल तर ते विसरा. आधी नोकरी मिळणार नाही याची होती, आता जाईल याची. ऑफिसात बाकीचे पुण्या-मुंबईला शिकलेले, पटापट बोलणारे. मीटिंगमध्ये मी वहीत खाली मान घालून लिहीत बसायचे. काय लिहायचे? काही नाही, तारीख गिरवायचे. चार महिने झाल्यावर सरांनी एकदा केबिनमध्ये बोलावलं आणि अगदी शांतपणे म्हणाले, "तुझं एक्सेल उत्तम आहे. पण एक्सेल भरायला मला अॅनालिस्ट लागत नाही. तू बोलतच नाहीस. उरलेल्या दोन महिन्यांत मला कळलं पाहिजे की तू इथं कशासाठी आहेस." मी "हो सर" म्हणाले आणि बाहेर येऊन पाण्याच्या फिल्टरपाशी उभी राहिले. ग्लास भरून वाहायला लागला तरी मला भान नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी ती मीटिंग झाली. आमचा अंदाज मागच्या हंगामात सपशेल चुकला होता. आम्ही सांगितला त्यापेक्षा प्रत्यक्षात ऊस फार कमी निघाला. कारखान्यानं त्या भरवशावर जास्तीच्या टोळ्या आणल्या आणि त्या बिचाऱ्या बायका-पोरांसकट फडाच्या कडेला नुसत्या बसून राहिल्या. कारखान्याचे लोक सरांवर जाम उखडले होते. सर टेबलाभोवती एकेकाला विचारत होते, "का चुकतंय?" एकजण म्हणाला ढगांमुळे फोटो नीट नव्हते. दुसरा म्हणाला मॉडेल बदलायला हवं. माझी पाळी जवळ येत होती आणि माझ्या कानात नुसतं घूं घूं सुरू झालं होतं. नोकरी जाणार, आजच जाणार. आणि त्या भीतीच्या सपाट्यात मी जन्मात पहिल्यांदा कुणी न विचारता बोलले.

"सर, ऊस दोनदा मोजला जातोय. लोक एकच ऊस दोन कारखान्यांना नोंदवतात."

सर म्हणाले, "म्हणजे?"

मी सांगितलं. आमच्याकडे कारखान्याची टोळी वेळेवर येईल याचा भरवसा कुणालाच नसतो. ऊस उभा राहिला की तुरा येतो, आतून पोकळ पडतो, वजन घटतं. म्हणून माणूस एका कारखान्याकडे नोंद करतो आणि गुपचूप शेजारच्या कारखान्याकडेही करतो. ज्याची टोळी आधी येईल त्याचा ऊस. दुसऱ्याला म्हणायचं, आवं साहेब, लावणीच्या बेण्याला दिला. यात कुणाला काही गैर वाटत नाही. गावात सगळे करतात, सगळ्यांना ते माहीत असतं आणि बाहेर कुणी बोलत नाही. दोन्ही कारखान्यांच्या याद्या जमिनीच्या गट नंबरावरून एकमेकींशी जुळवल्या, तर दुबार नोंदी लगेच सापडतील.

"तुला हे कसं माहीत?" सरांनी विचारलं.

"गावाकडचं आहे, सर. ऐकलेलं," मी म्हणाले. आमच्या घरी कपाटात दोन्ही कारखान्यांच्या नोंदीच्या पावत्या एकाच पिशवीत असतात हे नाही सांगितलं.

त्या दिवशी सगळ्यांनी माझं कौतुक केलं. सर सगळ्यांसमोर म्हणाले, "याला म्हणतात अॅनालिस्ट." मी हवेत होते. खोलीवर जाऊन रूममेटला चहा पाजला. गावात जे कुणी चारचौघांत बोलत नाही ते मी परक्यांच्या टेबलावर मांडून आले होते, आणि मला त्याची लाज नाही, आनंद वाटत होता. काय म्हणायचं अशा मुलीला!

भीती परत आली ती पंधरा दिवसांनी. सरांनी खरोखरच दोन्ही कारखान्यांना तयार केलं. दोन्हीकडच्या याद्या आल्या. काम अर्थातच माझ्याकडे. आणि मग सर सहज म्हणाले, "दोन्ही कारखान्यांनी ठरवलंय, दुबार नोंद असलेल्यांचा ऊस सगळ्यांत शेवटी तोडायचा. एकदा दणका बसला की सवय मोडेल. याद्या गावोगावी कारखान्याच्या गट ऑफिसला लागतील, आठ दिवस हरकती घेतील आणि फायनल करतील."

मला हे सुचलंच नव्हतं. मीटिंगमध्ये मी आकडा दुरुस्त करायचं बोलत होते. आकड्याच्या खाली माणसं असतात आणि त्यातलं एक आमच्या घरात असतं, हे डोक्यात आलं नव्हतं. आप्पांचा तो आडसाली ऊस, दीड वर्ष पोटच्या पोरासारखा सांभाळलेला, तो उन्हाळ्यापर्यंत उभा राहणार. का? तर पोरीनं मीटिंगमध्ये तोंड उघडलं म्हणून.

मी आमच्या गावची फाइल मुद्दाम शेवटी ठेवली. बाकीची गावं करताना रोज वाटायचं, कदाचित आप्पांनी यंदा एकच नोंद केली असेल. फोन करून विचारायचं धाडस नव्हतं. विचारलं तर का विचारतेस म्हणतील, आणि मग सगळं सांगावं लागेल. शेवटी एका दुपारी, बाकीचे जेवायला गेल्यावर, मी ती फाइल उघडली आणि जुळणी केली. साठ-सत्तर नावं आली. निम्मी माणसं मला काकू-काका म्हणून ठाऊक असलेली. आणि मधेच आप्पांचं नाव, गट नंबर, क्षेत्र. दोन्ही याद्यांत अगदी तंतोतंत.

मी ती ओळ काढून टाकली.

कुणासाठी काढली? आप्पांसाठी, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. ते निम्मंच खरं होतं. उरलेलं निम्मं असं की सरांनी ते आडनाव वाचलं असतं, आणि विचारलं असतं, 'हे तुझे कोण? मग ऐकलेलं म्हणालीस ते?' प्रोबेशनचा महिना उरला होता. ओळ काढायला एक क्षण लागला. यादी सरांना मेल केली. त्यांनी पाहिलीही नाही, नुसतं 'छान' लिहून पुढं पाठवली.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते मला ठाऊक. सर कुणाशी फोनवर हळू बोलायला लागले की मला वाटायचं माझंच चाललंय. मी सारखी त्या फाइलकडे जाऊन बघायचे, काढलेली ओळ परत आली तर नाही ना, म्हणून. वेड्यासारखं, पण बघायचे. मला एकच भीती होती, की कारखाना पकडेल. गावाचा विचारच केला नव्हता.

शुक्रवारी आईचा फोन आला. हळू आवाजात बोलत होती.

"आगं, तुज्या हाफिसातनं कसली यादी आलीया म्हनं?"

"कसली यादी?"

"दोनदा नोंदी केल्याल्यांची. गट हाफिसाच्या भितीला लावलीया. मोबाइलवर बी फिरतीया सगळ्या गावाच्या. समद्यांची नावं हायती. तुज्या आप्पांचं तेवढं न्हाई."

मी फोन घेऊन ऑफिसबाहेर आले.

"लोकं बोलाय लागल्यात गं," आई म्हणाली. "डेअरीवर कुनीतरी म्हनलं, हवालदार, तुमचं नाव कुठं ऱ्हायलं? पोरीनं पुसलं का काय? दूध घालून आलं ते जेवलं बी न्हाईत."

झालं! मी साताऱ्यात बसून कारखान्याला भीत होते, आणि गावात प्रत्येकाला प्रत्येकाच्या नोंदी पाठ असतात हे विसरले होते. मी, त्याच गावची. सगळ्यांसोबत आप्पांचं नाव असतं तर कुणी वर मान करून पाहिलं नसतं. चार शिव्या कारखान्याला दिल्या असत्या आणि संपलं असतं. मी नाव काढलं आणि त्यांना एकट्याला उघडं पाडलं. इतकी साधी गोष्ट मला सुचू नये? मला स्वतःचा इतका राग आला की मी बाथरूममध्ये जाऊन स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली. खरंच मारली. गाल दुपारपर्यंत लाल होता.

शनिवारी सुट्टी टाकून गावी गेले. पेठ नाक्याला गाडी बदलली तेव्हा वाटलं इथूनच परत फिरावं. स्टँडवरून घरापर्यंत चालताना ओळखीच्या एका काकूंनी नुसतं "आलीस व्हय?" म्हटलं आणि पुढं काही न बोलता दारातनं आत गेल्या. एरवी त्या मला चहा घेतल्याशिवाय सोडत नाहीत.

आप्पा गोठ्यात वैरण टाकत होते. मला बघून "कवा निगालीस?" म्हणाले आणि परत वैरण टाकायला लागले. मी तिथंच दगडावर बसले. मग त्यांनी हात झटकले, समोर येऊन उभे राहिले आणि सरळ विचारलं.

"ती यादी तू केलीस?"

"व्हय आप्पा."

"माजं नाव कसं ऱ्हायलं गं?"

आवाज चढलेला नव्हता. माझे वडील माझ्यावर कधी ओरडलेले मला आठवत नाहीत, आईच ओरडते. खरं सांगायचं तर आत्ता, इथं, याच माणसाला सांगायचं, हे मला कळत होतं. आणि मी काय म्हणाले?

"मशीननं ऱ्हायलं असंल आप्पा. कॉम्प्युटरवर जुळवत्यात ते. गट नंबर एकीकडं चुकीचा पडला असंल."

आप्पा माझ्याकडे बघत राहिले. मी म्हशीकडे बघत होते.

"व्हय व्हय," ते म्हणाले. "मशीनच ते. चुकायचंच." आणि बादली उचलून पाण्याला गेले.

रविवारी मी साताऱ्याला परत आले. सोमवारी, मला नंतर आईनं सांगितलं, आप्पांनी इस्त्रीचा शर्ट घातला, दोन्ही पावत्या खिशात घातल्या आणि सकाळी गट ऑफिसला गेले. तिथं हरकतींसाठी यादीची एक प्रत ठेवलेली असते. सगळे आपलं नाव काढा म्हणून भांडायला येतात. आप्पा नाव घाला म्हणून गेले. तिथल्या क्लार्कला कळेचना हा माणूस काय मागतोय.

मला यातलं काही ठाऊक नव्हतं. बुधवारी सकाळी सरांनी बोलावलं.

"गट ऑफिसच्या याद्या स्कॅन होऊन परत आल्यात," ते म्हणाले. "तुझ्या गावची जरा बघ." आणि त्यांनी लॅपटॉप माझ्याकडे वळवला.

छापील नावांच्या खाली, शेवटच्या ओळीखाली, निळ्या पेनानं एक ओळ हातानं लिहिलेली होती. ते उभं, काटकोनातलं अक्षर मी कुठंही ओळखेन. आप्पांचं नाव. गट नंबर. क्षेत्र. आणि शेऱ्याच्या रकान्यात, रकाना पुरला नाही म्हणून समासात जाऊन: 'माझे विनंतीवरून नाव वगळणेत आले होते. चूक माझी आहे.' खाली सही आणि 'माजी हवालदार'.

त्यांनी कसली विनंती केली होती? त्यांना तर काही माहीतच नव्हतं. पण गावात लोक माझ्यावर बोलत होते, आणि गट ऑफिसातली ती प्रत वाचून गावानं माझ्याऐवजी त्यांना दोष द्यावा, म्हणून त्यांनी ते लिहिलं होतं. हा कागद स्कॅन होऊन साताऱ्याला, माझ्या साहेबांच्या टेबलावर येतो, हे त्यांना कुठं ठाऊक असणार? आणि शनिवारी गोठ्यात मी मशीनचं सांगितलं तेव्हा एका शब्दावर त्यांचा विश्वास बसलेला नव्हता, हे मला त्या शेऱ्यातून कळलं.

"हे तुझे वडील?" सरांनी विचारलं.

"हो सर."

"त्यांनी तुला सांगितलं होतं, नाव काढ म्हणून?"

नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं. सरांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, उलट थोडी कीवच होती. गावाकडचा बाप, नोकरी करणारी पोरगी, घरून दबाव आला असेल, असं त्यांनी मनात धरलेलं दिसत होतं. आप्पांनी माझ्यासाठी वाट अगदी झाडून स्वच्छ करून ठेवली होती. मला टॉयलेटला जावंसं वाटत होतं, आणि डोक्यात एकच चाललं होतं, हलव मान, हलव, काय जातंय तुझं.

"नाही सर," मी म्हणाले. "त्यांनी काही सांगितलं नव्हतं. त्यांना माहीतही नव्हतं. मीच काढलं. मी घाबरले होते. त्यांना विचारल्यावर त्यांच्याशीही खोटं बोलले."

सरांनी लॅपटॉप बंद केला. मग म्हणाले, "हे सगळं लिहून दे." मी तिथंच बसून लिहून दिलं. मराठीत लिहिलं, इंग्रजी सुचत नव्हतं. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि दुपारपर्यंत थांबायला सांगितलं. दुपारी बोलावून म्हणाले, "प्रोबेशन पहिल्यापासून सुरू. तुझ्या कामाची एकही फाइल दुसऱ्यानं तपासल्याशिवाय बाहेर जाणार नाही. आणि तुझ्या तालुक्यातलं काम तुझ्याकडे नाही. पटत असेल तर राहा." मी राहिले. आज त्याला काही वर्षं झाली, अजूनही तिथंच आहे, आणि अजूनही मीटिंगच्या आधी माझे तळहात गार पडतात.

पण त्या दुपारी मी केबिनमधून निघाले ती थेट जिन्यात गेले आणि आप्पांना फोन लावला. ते शेतात होते. मागं विहिरीवरच्या मोटारीचा आवाज येत होता.

"आप्पा, सरांनी कागद बगितला. तुमी लिवलेला."

"तुज्या सायबानं? तिकडं आला व्हय त्यो?" पहिल्यांदाच त्यांचा आवाज घाबरलेला वाटला. "नोकरीला काय झालं न्हाई न्हवं?"

"न्हाई. मी सांगितलं सरांना, की तुमी काय बोलला न्हवता. मीच काढलं म्हनून."

पलीकडे नुसती मोटार.

"आनि आप्पा, मशीन न्हवतं ते. मी खोटं बोलले तुमच्यासंगं."

"ठावं हाय मला," आप्पा म्हणाले. "सायबाला सांगितलंस, ते बरं केलंस. त्येच्या हातात नोकरी हाय, त्येला भ्यालीस तर भ्यालीस." मग मोटार बंद केल्याचा आवाज आला, आणि एकदम सगळं शांत झालं. "पर मला कशाला भ्यालीस गं? मी तुजं काय केलं असतं?"

मी जिन्याच्या पायरीवर बसले. फोन कानाला तसाच होता. वरून कुणीतरी उतरत होतं, त्यांना वाट द्यायला पाय बाजूला घेतले. आप्पा उत्तराची वाट बघत होते.